दाराजवळची छोटी खुर्ची

४ जून, सोमवार
भिंगरीचं नाव शाळेत घातलं. चार वर्षांची नात माझी, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी. सून म्हणाली, आई, मूल रुळेपर्यंत घरच्या कुणीतरी वर्गात बसायचं, मला रजा नाही. रुळली की संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवणार म्हणे. मग मी दिवसभर काय भिंतींशी बोलू? म्हणजे, पोरीच्या काळजीनं म्हणतेय. माझ्याशिवाय ती घोटभर पाणी पीत नाही. आठवड्यात रडून परत येते की नाही बघा. मग मीच शिकवीन घरी. चौथीपर्यंत शिकलेय. आयुष्याला पुरून उरलं तेवढं.

५ जून, मंगळवार
ही शाळा? फळा नाही, पाटी नाही, औषधाला खडू नाही. पोरं वाळू उपसतायत, नाहीतर कपातलं पाणी बशीत आणि बशीतलं जमिनीवर. बाई म्हणजे कालची पोर. म्हणे, आजी, खेळ हेच मुलांचं काम. म्हटलं, मग तुझा पगार पोरांना देत जा. तर हसली. निर्लज्ज.
मला दाराजवळ वीतभर उंचीची खुर्ची. बसले खरी, उठवायला दोघी लागल्या. खुर्चीच वाईट.

७ जून, गुरुवार
एक पोरगा चपला उलट्या घालत होता. बाई ढिम्म बघत बसली. शेवटी मीच उठून सुलट्या घातल्या. तर मलाच म्हणते, आजी, त्याचं त्याला जमत होतं. घ्या! करायला गेले भलं. त्या कार्ट्यानं चपला काढल्या आणि माझ्याकडे बघत बघत पुन्हा उलट्या घातल्या. हे वळण!

८ जून, शुक्रवार
आज भिंगरी माझा हात सोडेना. बाईचं एक तत्त्व आहे, मुलाचा हात ओढून सोडवायचा नाही, त्याचा त्याला सुटू द्यायचा. म्हटलं, बस मग वाट बघत. बसली. बऱ्याच वेळानं म्हणते, आजी, तिची बोटं मोकळीच आहेत, तुम्ही धरलंय.
धरणारच! पडली असती तर?

१० जून, रविवार
घरी शिकवणी काढली. म्हटलं, अ काढ. तिनं रेघोटी मारली, म्हणाली, ही मुंगीची वाट. पुन्हा सांगितलं. पुन्हा मुंगी. संतापून धपाट्याला हात उगारला, तर तिनं उडी मारून त्यावर टाळी दिली. आता या पोरीला मारायचं तरी कसं? सगळे त्या बाईचे धडे. सुनेला म्हटलं, वाया गेली तुझी लेक. सून म्हणाली, आई, चहा घ्या.
उद्यापासून कडक.

१३ जून, बुधवार, सकाळी
ठरलं. आज न सांगता वर्गातून उठायचं आणि खिडकीआड उभं राहायचं. मी दिसले नाही की टाहो फोडेल. मग उचलायची आणि थेट घरी. बाईचं तत्त्वबित्त गेलं चुलीत.

त्याच दिवशी, दुपारी
उभी राहिले. पाय भरून आले. आतून हूं नाही की चूं नाही. भिंगरी पाणी ओततेय आपली, जन्मात पाणी पाहिलं नसल्यासारखी. खोकले. मग जोरात खोकले. सगळी पोरं वळली, ती सर्वांत शेवटी.
ओले हात फ्रॉकला पुसत खिडकीशी आली. थेट बाईच्या सुरात म्हणाली, आजी, रडू आलं तर येऊ दे हं. मी येणारच आहे. तू आता घरी जा.
आणि पळाली. मागे वळून बघेल तर शपथ.
जाताना बाईनं विचारलं, आजी, पाणी देऊ? म्हटलं, ओत जमिनीवर.

१४ जून, गुरुवार
आज गेले नाही. काम होतं घरात. झाडून काढलं. पुन्हा झाडलं.
संध्याकाळी लेकानं विचारलं, आई, डोळे का लाल? सांगितलं, त्या शाळेत खडू फार उडतो.