होकायंत्राची सुई

रविवार, संध्याकाळ

आठवडाभर पाय मस्त चालले. अंबडला कामावर सायकलने गेलो-आलो, घरी आल्यावर इंदिरानगरच्या ट्रॅकवर पळलो. आज डोंगरावर नकाशा वाचत पळायचा सराव. आमच्या ग्रुपमधल्या वैशालीने पहाटेच जाऊन झाडांना केशरी फिती बांधल्या होत्या; नकाशा आणि होकायंत्र घेऊन त्या मी शोधायच्या. पायवाटेपासून लांबची शेवटची फीत सापडेचना. खाली येऊन सगळ्यांसमोर ओरडलो, "नकाशा कळत नाही तर फिती बांधायला जातेस कशाला?" ती भर उन्हात परत वर गेली आणि फीत सोडून घेऊन आली.

आत्ता होकायंत्र पुसून मोबाइलशेजारी ठेवलं तर सुई गर्रकन फिरली. कव्हरला चुंबक आहे! किती वेगात पळतोय ते दिसावं म्हणून मोबाइल मनगटाला बांधला होता, आणि होकायंत्र त्याच हातात. सुई तिथेही अशीच फिरली असणार. आणि मी तिला... शी.

फोन करायला मोबाइल उचलला, तर तिचाच मेसेज: "सॉरी दादा, माझ्याकडूनच फीत चुकीच्या झाडाला बांधली गेली असेल."

आणि मी काय उत्तर पाठवलं? "चालतं गं. होतं असं कधीकधी."