आत एक जण

३ मार्च २००८
जालन्यात आलो. बियाण्यांच्या कंपनीचे मालक सुरजमलशेठ स्वतः स्टेशनवर आले, वर गरम कचोरी. पुण्याला कंटाळलो होतो, इथे बरं वाटेल. बदनापूर रस्त्यावरच्या गोदामांचा कारभार एका वेब कन्सोलवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरून चालतो. त्याला मी एक प्लगिन, म्हणजे जोडप्रोग्राम, लिहून बसवायचं. दाराशी कार्ड टेकवल्याच्या नोंदी आधीपासून होतातच, त्यांवरून किती जण आत गेले, किती बाहेर आले, ते मोजायचं. आकडा शून्य झाल्याशिवाय गोदामात कीड मारायच्या गॅसच्या गोळ्या ठेवायच्या नाहीत. गेल्या वर्षी कडूबा नावाचा हमाल आत राहिला आणि मेला, म्हणून हा खटाटोप.

२१ मार्च
प्लगिन कन्सोलवर चढवलं. गोदाम रिकामं, तरी पडद्यावर ‘आत: १’. डोकं फोडून घेतलं. तो एक म्हणजे कडूबा. आत गेल्याची नोंद आहे, बाहेर आल्याची कुठून असणार? नोंद पुसू का विचारलं, तर शेठ म्हणाले, वर्षश्राद्ध होईपर्यंत नाव काढायचं नाही, आपल्या पेढीची तशी रीत आहे. मग मी कोडमध्येच एक वजा करून टाकला. थकलेला माणूस दुसरं काय करणार! शेठ खूश. मुकादम भुजंगमामांना म्हणाले, आता पोत्यांच्या थप्प्यांमागे हिंडून बघत बसू नका, पडदा बघा.

२९ मार्च
प्लगिन बसवल्यापासून आज पहिल्यांदा गोळ्या ठेवल्या. गॅस बाहेर येऊ नये म्हणून दार लिंपलं आणि आतून ठोकल्याचा आवाज आला. मी धावत जाऊन ओ दिली. मामांनी मला मागे ओढलं. म्हणाले, “दर बारीला ठोकतो कडूबा. ओ द्यायची न्हाई, बिलकुल न्हाई. ओ दिली का त्यो बाहीर येतो.” पडद्यावर शून्य होतं. ठोकणं थांबलं होतं.

६ एप्रिल
पडद्यावर वजा एक. कडूबाचं कार्ड आज सकाळी बाहेर नोंदलं गेलंय. कार्ड तर शेठच्या कपाटात आहे, मी स्वतः पाहिलं. कोडमधली वजाबाकी काढायला हवी. झोप नाही, डोळे चुरचुरतात. उद्या काढतो.

७ एप्रिल
काढली नाही. कोड उघडला आणि मागे कोणीतरी घामेजलेलं उभं — वळून पाहायची हिंमत झाली नाही. मला भीती वाटते.

८ एप्रिल
दुसऱ्यांदा गोळ्या. त्याआधी मागच्या भिंतीची वायर बघायला कार्ड टेकवून आत आलो. थप्प्यांमागे होतो. दार लागलं.
पडद्यावर शून्य दिसलं असणार. मी एक, वजा एक.
मोबाईलला रेंज नाही. छतातून उजेड येतो म्हणून लिहितोय. गॅसचा लसणासारखा वास —

ओरडायला गेलो, खोकलाच आला. ठोकलं. बाहेर मामा सगळ्यांना सांगतायत, ओ देऊ नका.

परत ठोकलं. मामा दाराजवळ आले. म्हणाले, “कडूबा, झोप आता, बाबा.”
कोणीतरी ओ दिली. बाहेरून. मामांच्या अगदी शेजारून.
मामा, तो नाही, मी आत — मी