आईला आणायची गाडी

वडगाव निंबाळकर,
रविवार

तीर्थस्वरूप सिंधूमावशींना स्वरूपाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं होतं, तरी तुम्ही चढता असं कळलं. (आईनं चहाडी केलेली नाही. "सिंधी गच्चीवर पापड बघाय गेली" एवढंच ती म्हणाली, बाकीचं मी जुळवलं.) इकडे मी, दोन्ही गाई आणि शेजारच्या धोंडाआजी ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे फोन आला की श्रेयावहिनी तो स्पीकरवर टाकतात आणि सगळं घर भोवती जमतं. एकेकाची खुशाली विचारता विचारता मला जे सांगायचं असतं ते राहून जातं.

सांगायचं आहे ते गाडीचं. आई तुमच्या ऑपरेशनसाठी म्हणून थोडे दिवस इंदापूरला आली, त्याला दिवाळी होऊन आता संक्रांत आली. मी विषय काढला की म्हणते, "एसटीनं माझी कंबर धरती बाई. गाडी नीट झाली की ये न्यायला." म्हणजे आईचं येणं गाडीवर अडलं आणि गाडी पंपावर. विहिरीवरच्या नव्हे. पेट्रोलच्या टाकीतच विजेवर चालणारा एक लहान पंप असतो, तो इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून त्याची जराशी गुणगुण येते. आमच्या गाडीची गुणगुण बंद झाली होती. गॅरेजवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "ताई, हंगाम हाय. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला की लोक अंगावर येत्यात. तुमची गाडी कुणाच्या अंगावर येत न्हाय. कारखाना बंद झाला की या." कारखाना बंद व्हायला उन्हाळा उजाडेल. म्हणून बारामतीहून नवा पंप आणला आणि मोबाइलवर बघून घरीच बसवायचं ठरवलं.

इथं एक चूक झाली, पण ती घरच्या वळणाप्रमाणे झाली. अण्णा होते तेव्हापासून आमच्याकडे गाडी दुरुस्तीला काढायची तर टाकी भरून. आजारी माणसाला दवाखान्यात उपाशी नेतात का, असं त्यांचं म्हणणं. (ऑपरेशनला नेतात, हे मला तुमच्या गुडघ्यामुळे कळलं.) त्यामुळे गाडी पहिल्यांदा आचके द्यायला लागली तेव्हाच मी ती कशीबशी पेट्रोल पंपावर नेली, टाकी तुडुंब भरली आणि परत आणली. दारात येऊन ती जी गप्प झाली ती झालीच. पुढे मोबाइलवरचा माणूस पहिल्याच वाक्यात म्हणाला की हे काम टाकी रिकामी असताना करावं.

आता एवढं पेट्रोल काढून ठेवायचं कशात? घरात झाकण घट्ट बसणारी भांडी म्हणजे दुधाच्या किटल्या. रॉकेलच्या हातपंपानं त्यांत उपसलं. त्याआधी बॅटरीची वायर काढली आणि धोंडाआजींना चूल विझवायला सांगितलं. त्या तव्यावर मिश्री भाजत होत्या. "तुझ्या गाडीपायी मी दात बी घासू नगं का?" म्हणत त्यांनी चुलीत पाणी ओतलं आणि मग दिवसभर बिनमिश्रीच्या, ओट्यावर बसून माझ्यावर लक्ष ठेवलं. खरं सांगू, त्यांचं लक्ष मिश्रीवर असलं तरी बरं वाटलं.

मागची सीट उचलली, खालची पत्र्याची झाकणी काढली, धूळ ब्रशनं झाडली (आधी झाडायची, नाहीतर टाकीत पडते), नळ्या सोडवल्या, जुना पंप वर काढला, नवा रबरी वायसर घालून नवा बसवला, पेट्रोल परत ओतलं, बॅटरीची वायर जोडली. हे लिहायला सोपं आहे. खरी अडचण शेवटी आली. किल्ली पुढे आणि आवाज मागे. एकानं किल्ली फिरवायची आणि दुसऱ्यानं मागे कान लावायचा, असं ते काम आहे. धोंडाआजींना मागे बसवलं तर त्यांना ऐकू येत नाही. पुढे बसा म्हटलं तर, "मी न्हाय बाई! किल्ली फिरली न् गाडी भिताडात गेली म्हंजी?" शेवटी मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकून मागच्या सीटवर ठेवला, पुढे येऊन किल्ली फिरवली आणि मागे जाऊन ऐकलं. गुणगुण होती. त्यामागून माझाच आवाज होता, "आला का गं?" असा. कुणाला विचारलं, देव जाणे. ते रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही.

किटल्या सोड्यानं, राखेनं, कढत पाण्यानं धुतल्या. तरी डेअरीला दूध नव्या किटलीतून नेलं आणि कुणी न विचारता तिथल्या सोपानकाकांना सांगून टाकलं की जुन्या किटल्यांत पेट्रोल होतं. सांगायला नको होतं का? पण उद्या कुणाच्या चहाला वास आला असता तर मला झोप लागली नसती. तेव्हापासून सोपानकाका माझं दूध आधी हुंगतात आणि मग मापाला घेतात. रांगेतून कुणीतरी ओरडतं, "सोपान, फॅट कसली बघतुयास? लिटरला किती पळती ते बघ!" सगळे हसतात. मीही हसते. दिवसातलं माझं बरंचसं बोलणं तिथंच होतं.

तर गाडीचं असं आहे. पेट्रोलचा काटा थोडा खोटं दाखवतो, सीटला वासही आहे. आईला अशा गाडीतून आणणं बरं नाही. म्हणून थोडं थांबावं असं वाटतं.

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुमची,
स्वरूपा

ता. क. हे पत्र मोठ्यानं वाचायचं नाही, हे वरच लिहायला हवं होतं. मावशी, गाडी कधीच नीट झाली आहे. वास गेला, काटाही मी सरळ केला. मागच्या मंगळवारी तुमच्याकडेच निघाले होते. इंदापूरच्या अलीकडे निमगाव केतकीपर्यंत आले, चहा घेतला आणि मागे फिरले. तुमच्याकडे सुना आहेत, नातवंडं आहेत, आईला बोलायला माणसं आहेत. फोनवर ती पूर्वीपेक्षा मोठ्यानं हसते. मी दारात गाडी उभी केली तर ती मुकाट्यानं पिशवी भरेल, आणि तिला यायचं होतं की नाही हे मला कधीच कळणार नाही. म्हणून तुम्हीच तिला एकटीला गाठून विचारा. तिला राहायचं असेल तर मला एवढंच कळवा की गाडीची घाई करू नकोस. मी समजेन, आणि इथं सगळ्यांना गाडी बंद आहे असंच सांगेन.

ता. क. दुसरा. श्रेयावहिनींनी हे एव्हाना सगळ्यांसमोर वाचलं असणार. आई, तू तिथं बसली असशील तर लगेच काही बोलू नकोस. चारचौघांत विचारल्यावर तू हो म्हणशीलच, आणि तसलं हो मला नको. आतल्या खोलीत जा, नीट विचार कर, आणि नाही म्हणायचं असेल तर सावकाश, उद्या-परवा म्हण. हो म्हणायचं असेल तर मात्र बसल्या जागेवरून, आत्ता, सगळ्यांसमोर म्हणालीस तरी चालेल.