श्रद्धांजली पाहून आल्यावर केलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारा, व्यवसाय माहितीपट बनवणे, वय चौपन्न, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जिवंत असल्याबद्दल मात्र दुमत दिसते.

परवा सभागृहात गटारकामगारांवरचा माझा माहितीपट दाखवायचा होता. चुकून माझ्यावरची श्रद्धांजलीच लागली. वाहिन्या अशा फिल्म आधीच करून ठेवतात, हे ठाऊक होतं. माझीही तयार आहे, हे नव्हतं. ती जोडली माझ्याच संकलकाने, ज्याला मी लाडाने 'कात्री' म्हणतो. शेवटी लोक स्तब्ध उभे राहिले. सवयीने मीही राहिलो.

त्याआधी पडद्यावर बायको येऊन गेली होती. "तो फार प्रेमळ होता," म्हणाली. होता! त्याच्या टेपांचं काय करणार, असं विचारल्यावर म्हणाली, "भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय."

त्या टेपांत पाडलेल्या वस्त्या आहेत. कित्येकांचं घर आता फक्त तिथेच उभं आहे.

घरी येऊन जाब विचारला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "पलंगाखाली, कपाटात, फ्रिजवर, जिकडेतिकडे लोकांची घरं," ती म्हणाली. "माझं कुठाय रे?"

मी वकिलांना फोन लावला. सबब:

१. राहतं घर बायकोला, रिकामं करून. 'रिकामं' हा शब्द वकिलांनी खोडू नये.

२. टेपा ज्यांच्या घरांच्या, त्यांना. माणसं कात्रीने शोधावीत. त्याच्याकडे हल्ली वेळ आहे, हे परवा सर्वांनी पाहिलं.

३. कॅमेरा भाचीला. तिने लग्नांचं शूटिंग केलं तरी माझा आत्मा तळमळणार नाही.

४. धाकट्या भावाला भेटायला कधी सवड झाली नाही, श्रद्धांजलीत रडायला झाली. त्याला त्या रडण्याची एक प्रत.

५. श्रद्धांजली खुशाल दाखवावी. बायकोचं उत्तर कापू नये.

६. कलम दोन माझ्या मरणासाठी थांबवू नये. उद्यापासून सुरुवात.

वाटा मिळणार असल्याने बायकोला साक्षीदार होता येत नाही. तिने उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाली, "उद्या कशाला? पलंगाखालच्या आत्ताच काढ."

ठिकाण: जेवणाचं टेबल, टेपा नसलेला कोपरा.
दिनांक: श्रद्धांजलीचा दिवस धरून तिसरा.

(सही) लिहून ठेवणारा, हयात

साक्षीदार:
(सही) शेजारचे दंतवैद्य
(सही) भंगारवाला, बोलावल्यावरून आला होता, रिकामी गाडी घेऊन परत गेला