चष्मा काढून बसलेली

जतीन,

तुझ्या कॅमेऱ्यासमोर बसलेल्या आम्हा सगळ्या बायकांची तक्रार एकच आहे: तू आम्हाला बोलू दिलं नाहीस. तलासरीच्या सभेत तासभर गरजणारी मी, नरपडला तुमच्या चिकूच्या वाडीत मात्र मुकाट बसायचे. "जयू, ओठ हलवू नको. आणि चष्मा काढ, काचेवर उजेड चमकतो." मी काढला. तेव्हा प्रेमात होते.

काल तुझं प्रदर्शन पाहिलं. माझ्या फोटोखाली 'माझी प्रेरणा' लिहिलंय. लोक म्हणत होते, नजर कशी दूर हरवलीय. सभांना माझ्यासोबत हिंडणारी चिमी कानाशी लागली, "बाय, तवा तू बघत काय होतीस?"

"काहीच नाही. मायनस सहा नंबर आहे माझा. समोर उभा असलेला जतीनही दिसत नव्हता."

ती हसली. मला हसू आलं नाही. बारा वर्षं मी समजत होते, निदान तू तरी मला पाहत होतास.

याआधी दोन पत्रं लिहून बॅगेतच ठेवली. हे मात्र पाठवतेय. भांडायला आता जोर नाही. प्रदर्शन संपायची वाट पाहू नकोस. उद्या सकाळी तो फोटो भिंतीवरून उतरव.

जयश्री