गोपिका जवळ होती

८ जानेवारी १९७९, सोमवार

सकाळची ड्यूटी. मुलांचा वॉर्ड भरलेला, एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. दुपारी घरी येऊन भात टाकला, कालचं वरण गरम केलं. जेवले.

संध्याकाळी पोस्टाच्या कोर्सचे पेपर तपासून आले. दिल्लीहून पाठ येतात, आम्ही नोकरी सांभाळून उत्तरं लिहून पाठवायची, तिकडून लाल शाईने दुरुस्त होऊन परत. आमच्या दवाखान्यातून दोघीच आहोत — मी आणि गोपिका. माझ्या पेपरावर 'समाधानकारक'. तिच्या पेपरावर 'उत्तम, असेच चालू ठेवा'. मेट्रनबाईंनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला! वर म्हणाल्या, नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटरची एक जागा निघणार आहे. कोर्समध्ये जी पुढे राहील तिला ती मिळेल.

एकच जागा.

पहिला पाठ आला तेव्हा हे होते. गांधीबागेत दुकान बंद करून आले, हातपाय धुतले आणि लखोटा स्वतः फोडला. "जयवंताबाई, आता मास्तरीण होऊनच दाखवा." दसऱ्यानंतर हे गेले. पाठ येतच राहिले.

मला ती जागा पाहिजे. कोणाजवळ बोलले नाही, इथे लिहिते.

१४ जानेवारी

संक्रांत. नर्सेस होस्टेलमध्ये हळदीकुंकू होतं. गोपिका दुपारीच घरी येऊन तिळगूळ देऊन गेली. ये म्हणाली नाही, येऊ नको असंही म्हणाली नाही. नवी काळी साडी. तिच्या नवऱ्याने, चंद्रभानने आणलेली असणार. तो सावनेरकडे कोळशाच्या खाणीत आहे, शनिवारी येतो.

तिळगूळ चांगला झाला होता. तोही तिला चांगला करता येतो!

२० जानेवारी

कळलं! गोपिकाची उत्तरं चंद्रभान उतरवून देतो. ती कच्चं लिहिते, तो रविवारी बसून वळणदार अक्षरात पक्कं करतो. तिनेच हसत सांगितलं. "माहं अक्षर तं कोंबडीचे पाय हायेत वं. दिल्लीवाल्याईले वाचता आलं पाह्यजे ना!"

म्हणजे ते 'उत्तम' नवऱ्याच्या अक्षराला. माझ्या घरी कोण उतरवून देणार?

३० जानेवारी

पाठ पोस्टात टाकला. दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी

ड्यूटी संपताना यमुताई भेटली. ती पुरुषांच्या वॉर्डात आया आहे. मला पाहिलं की हिला ह्यांची आठवण येते. "जेवली का वं सिस्टर? काहून अशी वाळून राहिली? माणूस चांगल्या हातात गेला तुहा. गोपिकाबाई होती ना जवळ! आंग पुसलं, डोळे मिटवले, आईसारखं केलं तिनं."

चार महिने झाले, जो तो हेच सांगतो. गोपिका जवळ होती, बरं झालं.

आमच्याकडे नियम आहे — आपलं माणूस ज्या वॉर्डात आहे तिथे आपल्याला ड्यूटी नाही. नियम बरोबर आहे, मीच मुलींना समजावून सांगते. त्या दिवशी मी खाली पोरांना औषधं देत होते आणि वर ह्यांच्या वॉर्डात गोपिकाची ड्यूटी होती. मला बोलावलं तोपर्यंत सगळं झालं होतं. धुतलेली चादर, हात सरळ, केस विंचरलेले. भांग उलट्या बाजूला पाडला होता. मी तो सरळ केला नाही. सगळे पाहत होते.

माझ्या हातून किती लोकांचे डोळे मिटले. ह्यांचे तिने मिटवले. शेवटचं काय बोलले असतील ते तिने ऐकलं. पाणी मागितलं असेल तर तिने पाजलं. आणि एवढ्या दिवसांत ती त्यातला एक शब्द मला सांगत नाही. मीही विचारत नाही. तिच्याकडे मागायला जाऊ?

तिचा नवरा तिला आहेच. माझ्याही नवऱ्याचं शेवटचं तिच्याकडेच!

१५ फेब्रुवारी

गोपिका तापाने रजेवर. मला बरं वाटलं. लिहिलं खरं — बरं वाटलं!

१७ फेब्रुवारी

यमुताईबरोबर तिच्यासाठी पेज पाठवली. स्वतः गेले नाही.

११ मार्च, रविवार

गोपिका आली होती. पुस्तकं घेऊनच. "संगं वाचू ना वं. तू पुसजो, मी सांगतो. एकटीले झोप येते मले." मी म्हटलं डोकं दुखतंय. ती बसून राहिली. ह्यांच्या फोटोकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. म्हणाली, "जयवंता, एक सांगाचं होतं."

मी म्हटलं, अभ्यासाचं आहे का?

"नाही."

मग राहू दे, म्हटलं. दया दाखवणार असेल. किंवा जागा तिलाच मिळणार हे मेट्रनबाईंनी सांगितलं असेल. ती उठली, दारात चपला घालताना म्हणाली, "तुह्याशी बोलाचं म्हणजे ऑपरेशनपेक्षा कठीण आहे बाप्पा!" आणि हसली. मी हसले नाही.

ती गेल्यावर खूप वाचलं. डोकं दुखत नव्हतंच.

२ एप्रिल

शेवटच्या पाठावर मलाही 'उत्तम'! दोघी बरोबरीत. आता प्रात्यक्षिक. शिकाऊ मुलींसमोर एकेक विषय शिकवून दाखवायचा. परीक्षक पुण्याहून येणार.

हे असते तर रोज समोर बसवून म्हणून घेतलं असतं. भिंतीला शिकवून पाहिलं.

१९ एप्रिल, गुरुवार

प्रात्यक्षिक झालं. सगळं लिहून ठेवते.

खोलीत उकाडा. मुली बाकांवर, भिंतीजवळ पुण्याच्या परीक्षक बाई आणि मेट्रन. दोघींनी तिथेच बसायचं, एकमेकींचं ऐकायचं. विषयाच्या चिठ्ठ्या काढल्या. मला ताप आलेल्या मुलाचं अंग पुसणं. गोपिकाला मृत्यूनंतरची शुश्रूषा.

तिने चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

सरावाचा पुतळा पलंगावर ठेवला होता. मी पुष्कळ जणींना हे काम करताना पाहिलं आहे, पण तिच्यासारखा हात नाही कोणाचा. हे कबूल करायला पाहिजे. उशी काढली, मान तळहातावर घेतली, हळूच टेकवली. मुलींना म्हणाली, "गेला म्हणून घाई कराची नाही. त्याले दुखत नाही, पण बाहेर त्याची माणसं उभी असतात. त्याईले दिसेल तसंच त्याईच्या ध्यानात राहीन." डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. हनुवटीला पट्टी बांधली. पुतळाच तो, पण मला वाटलं उठावं आणि तिच्या हातून ओढून घ्यावा! ह्यांचीही मान अशीच धरली असेल. मी पदराखाली मूठ आवळून बसले. जागा गेली हेही कळत होतं. एवढं चांगलं कोणीच शिकवत नाही.

मग परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला. अगदी सोपा. "मृत्यूची वेळ नर्सने कोणती लिहायची?"

शेवटचा श्वास पाहिला ती. डॉक्टर तपासून सांगतात ती वेगळी लिहायची. पहिल्या वर्षाची मुलगी सांगेल.

गोपिका पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. मेट्रन म्हणाल्या, "अगं, सांग ना!" तिने पट्टीचं टोक सोडलं. "नाही येत," म्हणाली आणि खाली बसली.

मला इतका आनंद झाला की चेहरा लपवावा लागला.

माझं चांगलं झालं. प्रश्न तीन विचारले, तिन्ही आले.

२७ एप्रिल

ट्यूटरची जागा मला मिळाली! मेट्रननी हात हातात घेतला. सगळ्यांनी पेढे मागितले. गोपिका आज दिसली नाही.

२८ एप्रिल, शनिवार

दुपारी जिन्यात गाठून तिला विचारलं, एवढं सोपं कसं आलं नाही? आवाज माझा टोचणाराच होता.

म्हणाली, "येत होतं वं. सांगता आलं नाही. तुह्यासमोर नाही आलं. तुह्या मधुकररावांची मी जे वेळ लिहिली ना, ते मी पाह्यलं तेव्हाची आहे. मी जवळ नव्हती, जयवंता. कोपऱ्यातल्या पेशंटले सलाईन लावून राहिली होती. वळून आली तं ते गेले होते. लोकं म्हणे जवळ होती, जवळ होती. मी गप राहिली. सांगाले आली होती तुह्या घरी."

शेवटचं काय बोलले, हे विचारायचं आता उरलंच नाही. कोणीच नव्हतं जवळ.

तिला वरून हाक आली, ती गेली.

घरी आले. सोमवारी वर्गावर जायचं आहे. पातेल्यात खळ शिजवली, गाळली, दोन्ही पांढऱ्या साड्या बुडवून पिळल्या. लांब साडीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, ते खिडकीच्या गजाला बांधलं आणि झटकून वाळत घातली.