आठव्या मिनिटाचा खलबत्ता

१२, मंगळवार

सगळ्यात आधी गळका आला. यायचाच! ट्रम्पेट वाजवतो तो. वाजवून झालं की नळी उलटी करून आतलं पाणी ओततो — माझ्या सतरंजीवर! शी! म्हणून मी त्याला गळका म्हणते. मास्तर मला समजावतो, "आई, थुंकी नाही ती, वाफेचं पाणी होतं." वाफ कुणाच्या तोंडातली रे? मास्तर म्हणजे माझा मुलगाच, पण सगळी गल्ली मास्तर म्हणते, मग मीही म्हणते.

मागून बांबू आला, गिटार घेऊन. त्याच्या मोज्यांचा वास त्याच्या आधी आत येतो. मग ढमढम. ती पोरगी ढोल बडवते, पण गुणाची आहे, बूट बाहेर काढते. चिमणी घरचीच. माझ्या लेकीची लेक, सोळा वर्षांची, शिकायला आमच्याकडे राहते. बासरी वाजवते. ती वाजवायला लागली की मला भाजी निवडायचं भान राहत नाही, पण हे तिला सांगत नाही, चढून बसेल.

मास्तरची शिकवण अशी की ठरवून काही वाजवायचंच नाही! गाणं नाही, कागद नाही. एकानं काहीतरी काढायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ज्याला उत्तर सुचेल त्यानं द्यायचं. "कालचं आज वाजवाल तर घरी जा!" असं ओरडतो. मी चार यत्ता शिकलेली बाई. मला वाटायचं, मांडणी कोसळली तरी यापेक्षा बरं वाजेल.

आज पाहुणे होते. मोठ्या सभागृहाकडून दोघं, एक बाई आणि एक सारखं घड्याळ बघणारा. वर्षातून एकदा ते तिथल्या कार्यक्रमासाठी नव्या मुलांचा एक गट निवडतात. मास्तरला तरुणपणी तिथल्या दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणून मला ताकीद — आई, बाहेर येऊ नकोस.

नाही गेले. चहाला मिरी कुटायला घेतली. बाहेर सगळं गप्प झालं, मला वाटलं संपलं. ठक ठक. ठक. तर बाहेरून बासरी! माझ्या ठक ठकला उत्तर! मी थांबले, ती थांबली. मी कुटलं, ती बोलली. मग ढमढम हळूच आली, बांबू आला, गळकासुद्धा शहाण्यासारखा आला. अंगावर काटा आला माझ्या. मिरीची पार धूळ झाली.

बाईंनी चहाला हात लावला नाही. विचारलं, "हे बसवलेलं होतं का?" मास्तर म्हणाला, "छे हो, आत्ता झालं." तर म्हणाल्या, "सव्वीसला पुन्हा येते ऐकायला. मग ठरवू."

१४, गुरुवार

मास्तरनं मोबाइलवर परवाचं सगळं पकडून ठेवलं होतं. आज दिवसभर ते ऐकून कागदावर उतरवत बसला. जेवला नाही.

१५, शुक्रवार

कागदाच्या पाच प्रती काढल्या. पाचवी कुणाला?

१७, रविवार

पाचवी मला!

"आई, सव्वीसला आठव्या मिनिटाला मी खोकेन. तू खलबत्ता कुटायचा. दोनदा, मग थांबून एकदा. मंगळवारसारखंच."

"मिरी किती टाकू?"

"मिरी नको. आवाज कमी होतो. रिकामाच कुट."

रिकामा खलबत्ता! माझ्या सासूनं ऐकलं असतं तर त्याच बत्त्यानं त्याची पाठ मऊ केली असती. कुटायचं काही नाही आणि कुटतोय आपण! कसलं नाटक! कागदावर माझ्या नावापुढे पेन्सिलीनं फुल्या मारल्यात. दोन फुल्या, मोकळी जागा, एक फुली. वाचता येतं हो मला एवढं.

१८, सोमवार

कुटला रिकामा. किळस आली. तोंडात घास नसताना चावत बसावं, तसं वाटलं.

बाहेर तेच. कालचं आज! बांबू कुठे चुकणार तेसुद्धा पाठ झालंय, कारण मंगळवारी तो तिथे चुकला होता आणि बाईंना ते आवडलं होतं. आता रोज तिथे नेमानं चुकतो. आणि वाजवताना डोळे मिटून असं तोंड करतो, जसं काही आत्ताच सुचलं! त्या तोंडाची मला सतरंजीच्या डागापेक्षा जास्त घाण वाटते.

२०, बुधवार

भांडी घासताना मी त्यांच्या पुढचं गुणगुणत होते. त्यांनी वाजवायच्या आधी! ढमढमनं दारातून ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "आजी, तुम्हालाही पाठ झालं?"

म्हटलं, बाळा, वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीलाही झालंय. काल जिन्यात विचारत होती, रेकॉर्ड अडकलीय का म्हणून.

२१, गुरुवार

चिमणीला जमत नाही. कागद समोर आहे, सूर तेच आहेत, पण ती माझा ठोका ऐकते आणि वेगळंच काही बोलते. मी जरा जोरात मारला तर ती हळू येते. मी उशीर केला तर ती आधीच वाट बघत असते. मास्तरनं चार वेळा थांबवलं.

"अगं, लिहिलंय ते वाजव!"

"मामा, आज आजीचा ठोका वेगळा पडला."

"ठोक्याकडे बघू नकोस, कागदाकडे बघ!"

दोन वर्षं हाच माणूस त्यांना ऐका, ऐका म्हणून कोकलत होता. हाच!

२३, शनिवार

चिमणीला काढलं.

म्हणजे तसं म्हणाला नाही. म्हणाला, "सव्वीसला तू आत आजीजवळ बस. तुझा भाग हा वाजवेल." हा म्हणजे गळका! माझ्या नातीचा सूर त्या थुंकीच्या नळीतून! गळक्याची मान वर होईना. जाताना स्वतःहून फडकं मागून सतरंजी पुसली त्यानं. पहिल्यांदाच.

चिमणी रडली नाही. बासरी पिशवीत घालून कपाटावर ठेवली, इतक्या वर की स्टूल लागेल. मी म्हटलं, चल, केसांना तेल लावते. बसली. तेल लावता लावता मी तिच्या डोक्यावर बोटांनी ताल धरला. एरवी लगेच गुणगुणायला लागते. आज तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली.

२४, रविवार

मास्तरला धरलं. बनियनवर दाढी करत होता, पळायला जागा नव्हती.

"तुला लाज नाही वाटत? बाईंना म्हणालास आत्ता झालं. आता कागदावरून काय दाखवणार?"

"त्यांना जे आवडलं तेच देतोय आई."

"भाचीला बाहेर बसवून?"

आरशातच बघून म्हणाला, "आणि ते पुन्हा आलंच नाही तर?"

पन्नाशीचा माणूस, गालाला साबण, आणि आवाज पहिलीतल्या पोरासारखा. पोटचा गोळा आहे, दया आली. पण किळस गेली नाही. दोन्ही एकदम वाटतं, हे मला या वयात कळलं.

जाता जाता म्हणाला, "आई, तू मात्र चुकू नकोस हं. सगळं तुझ्या ठोक्यावर आहे."

२५, सोमवार

सगळं माझ्या ठोक्यावर आहे म्हणे.

२६, मंगळवार

पाहुणे पाचला यायचेत. खलबत्ता दुपारीच शिवणवालीकडे देऊन आले. "परवा आण सावकाश," म्हटलं. मास्तर चिडेल, बोलणं टाकेल, टाकू दे. मग स्टुलावर चढले — या गुडघ्यांनी! — आणि पिशवी खाली काढली. चिमणी माझ्याजवळ ओट्याला टेकून बसलीय, बासरी मांडीवर. तिला काही सांगितलेलं नाही. आठव्या मिनिटाला मास्तर खोकेल. तेव्हा स्वयंपाकघरातून काय येईल ते मलाही माहीत नाही.

बेल वाजली. गळका असणार.